नहरायिम जलविद्युत केंद्र

जॉर्डन आणि यार्मूक या नद्यांच्या संगमावरील बंद पडलेले वीजकेंद्र. अरबीत या परिसराला बाकूरा म्हणतात. गॅलिली सरोवराच्या दक्षिणेस, इस्राएल व जॉर्डनच्या सीमेवर असलेली ही जागा समुद्रसपाटीच्या २०० मीटरहून अधिक खाली आहे.

रशियन साम्राज्यात जन्मलेले ज्यू अभियंते पिन्हास रूटेनबर्ग यांनी ही योजना आखली. दोन्ही नद्यांचा स्वभाव वेगळा, आणि त्यांनी नेमका त्याचाच उपयोग करून घेतला. यार्मूकला हिवाळी पावसात मोठे लोंढे येतात, उन्हाळ्यात ती रोडावते; जॉर्डनला मात्र सरोवराचा आधार असतो. म्हणून सरोवरातून नदी बाहेर पडते तिथे, दगानियाजवळ, दरवाजे घालून सरोवराचाच साठा म्हणून वापर केला. यार्मूकवर वेगळा बांध घातला. दोन्हींचे पाणी कालव्यांनी एकत्र आणून सुमारे २७ मीटर उंचीवरून टर्बाइनवर सोडले जाई. १९३१ च्या पुराने चालू बांधकामाची मोठी हानी केली, तरी जून १९३२ मध्ये ट्रान्सजॉर्डनचे (आजच्या जॉर्डनचे) अमीर अब्दुल्ला यांच्या उपस्थितीत केंद्राचे उद्घाटन झाले. स्थापित क्षमता १८ मेगावॉट होती. कर्मचाऱ्यांसाठी शेजारीच तेल ओर ही वसाहत उभी राहिली.

वीजघर ट्रान्सजॉर्डनमध्ये, पाण्याचा साठा पॅलेस्टाइनमध्ये, आणि विजेचे ग्राहकही मुख्यतः पॅलेस्टाइनमध्येच. दोन्ही प्रदेश ब्रिटिश अमलाखाली होते तोवरच ही मांडणी चालण्यासारखी होती, आणि हाच तिचा खरा कमकुवतपणा. मे १९४८ च्या अरब-इस्राएल युद्धात केंद्र बंद पडले, वसाहत रिकामी झाली, यंत्रसामग्रीची लूट झाली. वीजनिर्मिती पुन्हा कधीच सुरू झाली नाही. १९६० च्या दशकात तर दोन्ही देशांनी वरच्या बाजूलाच पाणी वळवले: इस्राएलने सरोवरातून राष्ट्रीय जलवाहिनीत, जॉर्डनने यार्मूकमधून पूर्व घोर कालव्यात. त्यामुळे दुरुस्ती झाली असती तरी टर्बाइन फिरवण्याइतका प्रवाह उरला नव्हता.

१९९४ च्या शांतता करारात संगमालगतच्या जमिनीवर जॉर्डनचे सार्वभौमत्व मान्य झाले. इस्राएली शेतकऱ्यांना मात्र तिथे २५ वर्षे शेती करण्याची मुभा मिळाली. १३ मार्च १९९७ रोजी एका जॉर्डनी सैनिकाने इथे सहलीला आलेल्या सात इस्राएली शाळकरी मुलींना गोळ्या घालून ठार मारले. जॉर्डनचे राजे हुसेन यांनी त्यानंतर काही दिवसांतच इस्राएलमध्ये जाऊन शोकाकुल कुटुंबांची स्वतः भेट घेतली. युद्धानंतरच्या त्या प्रदेशात अशी कृती फार विरळ होती. २०१८ मध्ये राजे अब्दुल्ला दुसरे यांनी मुभेला मुदतवाढ न देण्याचे जाहीर केले, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये जमीन पूर्णपणे जॉर्डनच्या ताब्यात गेली.