क्रेडिट युनियन आणि लोकांचे अर्थशिक्षण

क्रेडिट युनियन म्हणजे सभासदांच्या मालकीची, सभासदांच्या ठेवींवर चालणारी आणि सभासदांनाच कर्ज देणारी सहकारी संस्था. मराठीत तिला सर्वांत जवळचा शब्द ‘पतसंस्था’. सभासद एका गावचे, एका कारखान्यातले, एका पेशातले किंवा एका चर्चच्या परिसरातले असतात. भाग कितीही घेतले तरी मत एकच. वर्षअखेरीस जे उरते ते राखीव निधीत जाते, किंवा लाभांश, कमी व्याज आणि सेवा या रूपाने सभासदांकडे परत येते. या संस्था सभासदांसाठी आणि परिसरातील लोकांसाठी पैशाच्या व्यवहाराचे शिक्षण, कर्जाविषयी सल्ला आणि बचतीचे उपक्रमही चालवतात. त्या प्रयत्नांची ही नोंद आहे.

हे शिक्षण क्रेडिट युनियनला मागाहून चिकटलेले समाजकार्य नाही. बहुतेक ठिकाणी शिकणे आधी झाले आणि पेटी नंतर उघडली. सहकारी चळवळीत शिक्षणाचा खर्च हा धंद्याचाच खर्च मानला गेला. इंग्लंडमध्ये रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ मध्ये सुरू केलेल्या सहकारी भांडाराने पुढच्या दशकात नफ्याचा अडीच टक्के भाग शिक्षणासाठी राखून ठेवण्याचा नियम केला. आंतरराष्ट्रीय सहकारी संघाने १९९५ मध्ये मांडलेल्या सात तत्त्वांपैकी पाचवे तत्त्व शिक्षण, प्रशिक्षण आणि माहिती हेच आहे.

पतपुरवठ्यातील सहकाराचा उगम जर्मनीत झाला. हेर्मान शुल्झ-डेलिच यांनी १८५० पासून कारागीर आणि छोट्या दुकानदारांच्या कर्जसंस्था उभारल्या. ग्रामीण भागात फ्रीडरिश व्हिल्हेल्म रायफायझेन या महापौरांनी १८४६-४७ च्या दुष्काळी हिवाळ्यात श्रीमंतांच्या वर्गणीतून धान्य आणि भाकरी पुरवण्याची सोय केली होती. दात्यांच्या दयेवर चालणारी मदत फार काळ टिकत नाही, हे त्यांना अनुभवाने उमगले. मग १८६४ मध्ये हेडेसडोर्फ येथे त्यांनी कर्ज घेणाऱ्यांनाच सभासद करून घेणारी संस्था उभी केली. तेथे कर्ज कशासाठी हवे ते सांगावे लागे आणि शेजारीच त्याची छाननी करत. गाय घ्यायची असेल, तर तिच्या दुधातून हप्ता निघेल का, वैरणीचे काय, हे प्रश्न त्याच बैठकीत येणार. अर्थशिक्षणाचा यापेक्षा नेमका धडा क्वचितच सापडतो, कारण तो ज्याच्या त्याच्या गरजेवर बेतलेला असतो.

उत्तर अमेरिकेत ही कल्पना आणली ती कॅनडाच्या संसदेतील लघुलेखक अल्फॉन्स देजार्दें यांनी. सभागृहात सावकारीवर झालेली चर्चा ऐकून ते अस्वस्थ झाले, युरोपातील सहकारी बँकांचा त्यांनी पत्रांतून अभ्यास केला आणि डिसेंबर १९०० मध्ये क्वीबेकमधील लेव्ही गावात संस्था स्थापन केली. २३ जानेवारी १९०१ रोजी ठेवी स्वीकारायला सुरुवात झाली. पहिली ठेव दहा सेंटची होती आणि दिवसअखेर जमले २६ डॉलर ४० सेंट. देजार्दें कामानिमित्त ओटावात असत तेव्हा संस्थेचा रोजचा कारभार त्यांच्या पत्नी दोरिमेन सांभाळत. त्यांचे नाव उशिरानेच पुढे आले, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे.

अमेरिकेतील पहिली क्रेडिट युनियन १९०८ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील मँचेस्टर शहरात, फ्रेंच-कॅनडियन गिरणीकामगारांसाठी, देजार्दें यांच्याच मदतीने उभी राहिली. चळवळीला पुढे पैसा आणि बळ देणारे बॉस्टनचे व्यापारी एडवर्ड फायलीन १९०७ मध्ये हिंदुस्थानात आले होते. १९०४ च्या कायद्यानंतर बंगालमध्ये निघालेल्या सहकारी पतसंस्था त्यांनी खेड्यांत जाऊन पाहिल्या आणि तेथून त्यांना प्रेरणा मिळाली. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९०९ मध्ये कायदा केला. १९३४ च्या संघीय कायद्याने क्रेडिट युनियनची व्याख्या करताना सभासदांत काटकसर वाढवणे आणि विवेकी किंवा उत्पादक कामासाठी कर्ज उपलब्ध करणे, असे दोन हेतू नोंदवले. सवय लावणे आणि पैसा पुरवणे या दोन्ही गोष्टी कायद्याने एकाच वाक्यात बांधल्या आहेत.

शिक्षण आणि पत यांची सांगड सर्वांत खोलवर घातली गेली ती कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, नोव्हा स्कोशिया प्रांतात. तेथील कोळी आणि खाणकामगार दुकानदाराच्या वहीत कायमचे अडकलेले होते. मासळी त्यालाच द्यायची आणि मीठ, जाळी, पीठही त्याच्याकडूनच उधारीवर घ्यायचे. रोकड हाताला क्वचितच लागे. अँटिगोनिश येथील सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठाने १९२८ मध्ये लोकांपर्यंत शिक्षण नेणारा विस्तार विभाग काढला आणि फादर मोझेस कोडी त्याचे पहिले संचालक झाले. त्यांचे नातेवाईक फादर जिमी टॉम्पकिन्स हे कॅन्सो या मासेमारीच्या गावात धर्मगुरू होते आणि विद्यापीठाने लोकांच्या दारी गेले पाहिजे, असे ते आधीपासून सांगत होते.

पद्धत साधी होती. आधी गावात मोठी सभा होई. मग घराघरांत छोटी अभ्यासमंडळे बसत. ज्याला वाचता येई तो इतरांना वाचून दाखवी. आपला पैसा कुठे जातो, मासळीची किंमत कोण ठरवतो, व्याज म्हणजे काय, अशा प्रश्नांवर आठवड्यामागून आठवडे चर्चा चाले. त्याच बैठकीत नाणी गोळा होत. हिशेब ठेवणे, नियम वाचणे, सभा चालवणे हे सगळे जमू लागले की मंडळ नोंदणीला तयार होई. प्रांताने १९३२ मध्ये क्रेडिट युनियनचा कायदा केला आणि त्यानंतर कोळशाच्या खाणींच्या गावांत व किनाऱ्यावर संस्था झपाट्याने निघाल्या. खजिनदाराच्या खुर्चीत बसणारा माणूस बहुधा काही काळापूर्वी स्वतःच कर्जबाजारी होता. हीच पद्धत इतर देशांतील कार्यकर्त्यांना शिकवण्यासाठी १९५९ मध्ये त्याच विद्यापीठात कोडी यांच्या नावाने आंतरराष्ट्रीय संस्था सुरू झाली.

आयर्लंडमध्येही सुरुवात अभ्यासातूनच झाली. डब्लिनमधील शिक्षिका नोरा हर्लिही यांनी बेकारी, परदेशी जाणारी तरुण पिढी आणि सावकारांचा फास जवळून पाहिला होता. सहकाऱ्यांसह त्यांनी आधी सहकाराचा अभ्यास केला, अमेरिकेतून माहिती मागवली आणि १९५८ मध्ये तेथील पहिल्या क्रेडिट युनियन स्थापन झाल्या. देशात त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा १९६६ मध्ये झाला.

आज या कामाला ‘आर्थिक स्वास्थ्य’ असे व्यापक नाव मिळाले आहे. अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण संस्थेने २०१५ मध्ये त्याचे चार घटक मांडले : रोजच्या पैशावर ताबा, अचानक आलेला खर्च झेलण्याची ताकद, ठरवलेल्या उद्दिष्टाकडे वाटचाल आणि मनासारखे जगण्यासाठी निवडीचे स्वातंत्र्य. दहा प्रश्नांच्या आधारे ते ० ते १०० या मापावर मोजले जाते. यात उत्पन्नाचा आकडा थेट विचारलेला नाही, हे महत्त्वाचे. बऱ्यापैकी पगार असलेला माणूसही महिनाअखेरीस कासावीस असू शकतो.

उपक्रमांत शाळकरी मुलांसाठीचा ‘वास्तव मेळावा’ लोकप्रिय आहे. प्रत्येक मुलाला एक व्यवसाय, पगार आणि काही कर्ज नेमून दिले जाते. मग घरभाडे, वाहन, विमा, किराणा अशा टेबलांवर फिरून महिना निभवायचा असतो. मध्येच एखादा आकस्मिक खर्च अंगावर येतो. काही शाळांत विद्यार्थीच चालवत असलेल्या शाखा आहेत. सभासदांसाठी प्रशिक्षित समुपदेशक असतात; ते कर्जांची यादी करून कोणते आधी फेडायचे ते ठरवायला आणि पतअहवाल, म्हणजे आजवरच्या कर्जफेडीची नोंद, वाचायला मदत करतात.

व्याख्यानांपेक्षा काही आर्थिक योजनांमधूनच माणूस जास्त शिकतो, असे या लेखकाचे मत आहे. ‘पत उभारणी कर्ज’ हे त्याचे उत्तम उदाहरण. यात मंजूर रक्कम सभासदाच्या हाती न देता खात्यात अडकवून ठेवतात. तो दरमहा हप्ते भरतो, वेळेवर भरल्याची नोंद पतअहवालात जाते आणि शेवटी ती रक्कम त्याला मिळते. एकाच व्यवहारात पतही तयार होते आणि बचतही. पगाराच्या भरवशावर चढ्या दराने मिळणाऱ्या अल्पमुदतीच्या कर्जाला पर्याय म्हणून अमेरिकेतील क्रेडिट युनियनांच्या नियामकाने २०१० मध्ये संघीय क्रेडिट युनियनांना २०० ते १,००० डॉलरची छोटी कर्जे देण्याची वाट मोकळी केली. त्यांवरील वार्षिक व्याज २८ टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही आणि अर्जाचे शुल्क कमाल २० डॉलर. मिशिगन राज्यात २००९ मध्ये आठ क्रेडिट युनियनांनी बक्षीसजोड बचत सुरू केली. दर २५ डॉलरच्या ठेवीमागे सोडतीत एक संधी मिळे, मुख्य बक्षीस १,००,००० डॉलरचे होते आणि हरणाऱ्याची ठेव शाबूत राही.

अशा शिक्षणाचा उपयोग किती होतो, यावर संशोधकांत मतभेद आहेत. २०१४ च्या एका मोठ्या आढाव्यात २०१ अभ्यास एकत्र तपासले गेले. अर्थशिक्षणामुळे प्रत्यक्ष वागण्यातील फरकाचा जेमतेम ०.१ टक्का भाग उलगडतो आणि शिकवलेले काळाबरोबर विरते, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढे यादृच्छिक पद्धतीच्या, म्हणजे कोणाला शिकवायचे हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवलेल्या, ७६ प्रयोगांवर आधारलेल्या आढाव्याने ज्ञान आणि वर्तन या दोन्हींवर स्पष्ट चांगला परिणाम दाखवला. पहिल्या आढाव्याच्या लेखकांनी निर्णयाच्या वेळी, निर्णयापुरते शिक्षण द्यावे असे सुचवले होते. कर्जाचा अर्ज भरणारा सभासद समोर बसलेला असतो तो हाच क्षण. क्रेडिट युनियनला तो आयता मिळतो.

अडचणीही खऱ्या आहेत. कर्जाच्या व्याजावर जगणारी संस्था कर्ज घेऊ नका असा सल्ला कितपत मोकळेपणाने देईल, हा प्रश्न टाळता येत नाही. काही वर्ग शेवटी नव्या योजनेची जाहिरात होऊन बसतात. अपुऱ्या मजुरीचा प्रश्न अंदाजपत्रकाच्या तक्त्याने सुटत नाही, आणि तसे भासवणे गरिबालाच दोषी ठरवणे आहे. शिवाय संस्था एकमेकींत विलीन होत चालल्या आहेत. अमेरिकेत १९६९ मध्ये २३,००० हून अधिक क्रेडिट युनियन होत्या. आता ५,००० पेक्षाही कमी उरल्या आहेत, मात्र सभासदसंख्या १४ कोटींच्या घरात गेली आहे. अर्ज तपासणाऱ्या शेजाऱ्यांच्या समितीची जागा बहुतेक ठिकाणी संगणकाने काढलेल्या गुणांकाने घेतली आहे. तरीही कर्ज नाकारल्यास ते ३० दिवसांत कळवणे आणि कारण मागण्याचा हक्क देणे अमेरिकेत कायद्याने बंधनकारक आहे. ते पत्र हाती घेऊन सभासद परत येतो, तेव्हा त्याच्यासोबत बसून प्रत्येक कारण समजावून सांगायला कोणी आहे की नाही, यावरून त्या संस्थेचे शिक्षणकार्य ओळखता येते.