संघर्षग्रस्त भागांतील बाल लसीकरण

युद्ध, सशस्त्र उठाव किंवा प्रदीर्घ हिंसाचार यांमुळे नियमित आरोग्यसेवा मोडकळीस आलेल्या प्रदेशांत बालकांना लस देण्याचे काम प्रामुख्याने स्थानिक आरोग्य कार्यकर्त्यांवर, त्यातही स्त्रियांवर, येऊन पडते. विस्थापितांची दाटी, कुपोषण आणि चुकलेले डोस एकत्र आले की तेथे गोवर व पोलिओ झपाट्याने पसरतात.

लसीकरणासाठी लढाई थांबवण्याचे गाजलेले उदाहरण एल साल्वादोरचे आहे. तेथे १९८५ मध्ये यादवी युद्ध चालू असतानाच युनिसेफ व कॅथलिक चर्च यांच्या मध्यस्थीने सरकार आणि बंडखोर यांनी लसीकरणाच्या दिवसांपुरती शस्त्रे खाली ठेवली. गाझा पट्टीत जुलै २०२४ मध्ये सांडपाण्यात पोलिओचा विषाणू सापडला आणि पुढच्याच महिन्यात दहा महिन्यांच्या बाळाला त्यामुळे लुळेपणा आल्याचे निश्चित झाले. त्यानंतर १ सप्टेंबरपासून विभागवार, ठरावीक तासांपुरती लढाई थांबवून पहिल्या फेरीत साडेपाच लाखांहून अधिक मुलांना डोस पाजण्यात आले.

मात्र विराम मिळाला तरी दार उघडले जाईलच असे नाही. पाकिस्तानातील ॲबटाबाद येथे २०११ मध्ये अमेरिकी गुप्तचर यंत्रणेने लसीकरणाच्या बहाण्याने माहिती काढल्याचे उघड झाले आणि त्याची किंमत निरपराध सेविकांना मोजावी लागली, असेच म्हणावे लागते. संशय बळावला आणि डिसेंबर २०१२ मध्ये कराची व पेशावर परिसरांत पोलिओ कार्यकर्त्यांच्या हत्या झाल्या. अफगाणिस्तानात फेब्रुवारी २०२२ मध्ये एकाच दिवशी आठ पोलिओ कार्यकर्त्यांचा बळी गेला.

महाराष्ट्रात दीर्घकाळ नक्षलग्रस्त राहिलेल्या गडचिरोलीने हे काम जवळून पाहिले आहे. भामरागडसारख्या तालुक्यात हिंसाचाराच्या जोडीला पावसाळ्यात नाल्यांचे पूरही वाट अडवत आले आहेत. नाशिक जिल्हा संघर्षग्रस्त नाही, तरी तेथील आशाताईंच्या कामावरून घरोघरी जाऊन लस देण्याच्या पद्धतीचा गाभा समजतो. सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतील अनेक कुटुंबे द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी, निफाडकडे मजुरीला जातात. त्यामुळे लसीकरण सत्राच्या दिवशी पाड्यावर मूलच नसते आणि ते कोणत्या मळ्यावर आहे हे गावातल्याच बाईला ठाऊक असते. सत्रापूर्वी लसीच्या डब्यात ठेवायचे गोठलेले आइसपॅक बाहेर काढून, हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत थांबावे लागते, कारण थेट बर्फाला टेकून गोठलेली पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्रित) लस निकामी होते. लसीचे तापमान २ ते ८ अंश सेल्सिअस राखायचे असते. मालेगावात २०२२ मध्ये गोवराची साथ आली, तेव्हाही घरोघरी फिरून डोस चुकलेली मुले शोधण्यावरच सारा भर होता.

वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांचा निषेध करणारा ठराव क्रमांक २२८६ संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ३ मे २०१६ रोजी संमत केला. घरोघरी फिरणाऱ्या लसीकरण सेविकांना हे संरक्षण डॉक्टरांइतकेच लागू व्हायला हवे. प्रत्यक्षात त्या सोबतीला कोणी नसताना अनोळखी वस्त्यांत शिरतात आणि अनेक देशांत त्यांना नियमित वेतनही मिळत नाही.