रंकाळ्यावरचं कोवळं ऊन

सकाळी सातला रंकाळ्यावर पूर्वेकडे तोंड करून, डोळे मिटून उभी असलेली मंडळी हमखास दिसतात. त्यातले एक काका परवा वैतागले होते. "रोज अर्धा तास कोवळं ऊन घेतोय, तरी रक्तात व्हिटॅमिन डी फक्त १४ आलंय. लॅबवाल्यानं घोळ घातला बघा."

घोळ लॅबचा नाही, कोवळ्या उन्हाचा.

आपल्या कातडीत ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल नावाचा रेणू असतो. एकमेकींना चिकटलेल्या चार कड्या. २९० ते ३१५ नॅनोमीटरचा अतिनील-बी किरण पडला की दुसरी कडी तटकन उघडते आणि प्री-व्हिटॅमिन तयार होतं. पुढचं काम उन्हाचं नाहीच. अंगाच्या उबेनं एक हायड्रोजन जागा बदलतो, दुहेरी बंध सरकतात आणि सावकाश डी-३, म्हणजे आपलं व्हिटॅमिन डी, बनतं. ऊन जास्त झालं तर तेच प्री-व्हिटॅमिन ल्युमिस्टेरॉल, टॅकिस्टेरॉल अशा बिनकामाच्या रूपांत वळतं. म्हणून उन्हानं डीचा अतिरेक होत नाही. किती देखणी सोय! (काही जण उन्हात ठेवून 'भारलेलं' पाणी पितात. त्यात मात्र ही कडीच नसते, त्यामुळे ते पाणीच राहतं.)

सकाळी किरण हवेतून तिरपे, लांबून येतात आणि ओझोन बी किरण गाळून टाकतो. ऊब तेवढी मिळते. खिडकीच्या काचेचंही तेच. साधी खूण: सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड हवी. सावळ्या कातडीला वेळ जास्त लागतो.

गोळीतलं डी-३ बहुतेकदा मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून, तीच कडी दिव्याखाली फोडून करतात. धनगरी घोंगड्याला येतो ना, तो तेलकट वास, त्याच चरबीचा.

मग गोळी घ्यायची का? अमेरिकेत २५,८७१ जणांवरच्या 'व्हायटल' चाचणीत रोज २००० युनिट घेऊनही हाडं मोडण्याचं प्रमाण घटलं नाही. पण त्यातल्या बहुतेकांना कमतरता नव्हतीच. काकांना आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावी. धडधाकट माणसानं लॅबच्या पॅकेजच्या नादानं दरवर्षी तपासणी करत बसू नये. आणि ६०,००० युनिटची पुडी आठवड्याची असते. माझ्या ओळखीतल्या एका आजींनी ती रोज घेतली. रक्तात कॅल्शियम चढून उलट्या सुरू झाल्या.

"म्हंजे अकराला येऊन भाजून घेऊ व्हय?" काका म्हणाले. काल साडेनऊला घाटाच्या पायरीवर उभे राहून स्वतःची सावली पावलांनी मोजताना दिसले.