मुक्कामाची पहिली रात्र

रामशेजच्या वेढ्यात मुघलांनी भुतांवर सोन्याचा नाग चालवून पाहिला होता. १६८२ मध्ये शहाबुद्दीन खान नाशिकच्या उत्तरेला असलेल्या या लहानशा किल्ल्यापुढे येऊन बसला. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, लाकडाच्या केल्या होत्या. तरी गड हलेना. पुढे खानजहान बहादूर आला, त्याचीही डाळ शिजली नाही. मग किल्लेदाराला भुतं वश आहेत अशी कुजबुज छावणीत सुरू झाली. एक मांत्रिक सोन्याचा नाग करवून, तो हातात धरून फौजेच्या पुढे निघाला. गडावरून आलेला गोफणीचा दगड त्याच्या छातीत बसला आणि नाग उडून पडला. खाफीखान या मुघल इतिहासकाराच्या नावावर ही हकीकत सांगतात.

जिथं माणसं कापली गेली तिथं भुतं, हा हिशेब जगभर चालतो. अमेरिकेत गेटिसबर्गला जुलै १८६३ मध्ये तीन दिवस लढाई झाली. मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून आकडा पन्नास हजारांच्या आसपास जातो. तिथल्या फार्न्सवर्थ हाऊस या जुन्या घराच्या विटांवर गोळ्यांच्या शंभराहून जास्त खुणा आहेत. पुढे तिथं प्रवासी मुक्कामाला राहू लागले आणि त्यांनी भुताच्या गोष्टी सांगितल्या. पण माणसं मेली ती बहुतेक शेतात आणि टेकड्यांवर, मग भूत खोलीत पलंगापाशी कशाला येतं?

आपल्याकडेही तेच. रामशेजवर दिवसभर हिंडलेल्या ट्रेकरला काही दिसत नाही. पंचवटीतल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या माडीवर उतरलेल्या पाहुण्याला मात्र पहिल्याच रात्री पावलं ऐकू येतात. घरातली माणसं तिथंच पिढ्यान्‌पिढ्या घोरतात, त्यांना काही नाही!

याचं एक चांगलं उत्तर ब्राउन विद्यापीठातल्या झोपेच्या प्रयोगात मिळतं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात माणसांना प्रयोगशाळेत झोपवून त्यांचा मेंदू तपासला. पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्याइतका खोल झोपत नव्हता. उजव्या कानात, म्हणजे मुख्यतः डाव्या मेंदूकडे जाणारा, वेगळा आवाज सोडला की माणूस लवकर जागा होई. तीच माणसं काही दिवसांनी पुन्हा तिथं झोपली तेव्हा हा फरक उरला नव्हता. परक्या जागी अर्धा मेंदू पहाऱ्यावर असतो, तो असा.

आणि जुन्या वाड्यात पहाऱ्याला काम भरपूर. नाशिकच्या हिवाळ्यात दुपारी ऊन चटका देतं आणि पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो. तुळया, कडीपाट, जिन्याच्या फळ्या, पत्रे हे सगळं थोडं थोडं आक्रसतं. सांध्यात लाकूड अडकून राहतं, ताण साठतो आणि एकदम सुटतो: कट्‌. दोन मिनिटांनी शेजारच्या फळीत पुन्हा कट्‌. ऐकणाऱ्याला वाटतं, कुणीतरी चालत येतंय.

छातीवर कुणीतरी बसलं, हलता येईना, ओरडता येईना, हा अनुभव यापेक्षा भारी. त्याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. स्वप्नांच्या झोपेत मेंदूचा खोडभाग हातापायांचे स्नायू सैल पाडून ठेवतो, नाहीतर आपण स्वप्नातली मारामारी अंथरुणात केली असती. कधी कधी भान आधी येतं आणि स्नायू मागे राहतात. डोळे हलतात, श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा, चालू असतं, पण बरगड्यांमधले स्नायू ढिले, म्हणून मुद्दाम खोल श्वास घ्यायला गेलं की छाती दाबल्यासारखी होते. स्वप्न अजून पुरतं विरलेलं नसतं. ते खोलीतल्या अंधारात उभं राहतं. साधारण शंभरातल्या आठ जणांना आयुष्यात एकदा तरी हे होतं. उताणं झोपणं आणि अपुरी, वेळीअवेळी झोप यानं शक्यता वाढते. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीत काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. प्रवासात तरी कुणाची झोप धड होते?

एकोणीस हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला एकोणीस वेळा होणाऱ्या आणि कानाला न कळणाऱ्या कंपनांमुळे भुतं दिसतात, असं १९९८ मध्ये व्हिक टँडी या ब्रिटिश अभियंत्यानं मांडलं. किस्सा झकास आहे, पण पुरावा तोकडा. मी त्यावर फार विसंबणार नाही. त्याहून मोलाची नोंद १९२१ सालची, अमेरिकेतल्या एका नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकातली. भाड्यानं घेतलेल्या जुन्या घरात एका कुटुंबाला पावलं ऐकू येत, माणसं दिसत, डोकं जड होई. तपासल्यावर घर गरम ठेवणारी भट्टी बिघडलेली निघाली. तिचा धूर घरात येत होता आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड होता. या वायूला रंग नाही, वास नाही. नाशिकच्या थंडीत बंद न्हाणीघरातला गॅस गीझर किंवा दारं लावून खोलीत ठेवलेली कोळशाची शेगडी हाच वायू सोडते. म्हणून अशा खोलीत एकाच वेळी दोघातिघांचं डोकं दुखायला लागलं, मळमळलं, कुणी दिसल्यासारखं झालं, तर मांत्रिकाला बोलावण्याआधी खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि सरळ दवाखाना गाठा.