पार्श्वभूमी : ‘संधिवात’ या शब्दात हरवलेली वर्षे

मराठीत ‘संधिवात’ हा शब्द किमान चार आजारांना लावला जातो. वयोमानाने गुडघ्याची गादी झिजली तरी संधिवात, युरिक आम्ल साचून पायाचा अंगठा सुजला (गाऊट) तरी संधिवात, चिकुनगुनियाच्या तापानंतर महिनोन्‌महिने सांधे धरले तरी संधिवातच. आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते, सकाळी तास-तासभर बोटे मिटत नाहीत, वेळेत अडवले नाही तर हाडे कुरतडली जातात, त्या ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसलाही तोच शब्द. पहिल्या तिघांत थोडे थांबून चालण्यासारखे असते. चौथ्यात थांबले की सांधा गमावला. गेल्या चाळीस वर्षांतील संशोधनाचा गाभा एवढाच आहे. म्हणून इतिहासाआधी या शब्दाकडे वळावे लागते.

चरकसंहितेत सांध्यांत शिरलेल्या वाताचे वर्णन आहे, पण तिथला ‘संधिगत वात’ आजच्या झिजेच्या आजाराशी जास्त जुळतो. ‘आमवात’ हा स्वतंत्र आजार म्हणून सविस्तर येतो तो नंतर, माधवनिदान या रोगनिदानावरच्या जुन्या ग्रंथात. ते वर्णन आजही वाचण्यासारखे आहे. अंग मोडून येणे, तोंडाची चव जाणे, जडपणा, ताप, आणि हात, पाय, घोटे, गुडघे अशा अनेक सांध्यांना सूज. वेदना विंचू डसल्यासारखी. आजार फक्त सांध्याचा नसून सगळ्या शरीराचा आहे, ही नेमकी जाण त्यात आहे. त्यामुळे आधुनिक काळात ऱ्हुमॅटॉइडला मराठी शब्द शोधताना अनेकांनी ‘आमवात’ पुढे केला, हे साहजिकच झाले.

यावर आक्षेप दोन्ही बाजूंनी आले. काही वैद्यांचे म्हणणे असे की माधवनिदानातल्या लक्षणांत हृदयाची जखडणही आहे, आणि ती घशाच्या जंतुसंसर्गानंतर मुलांना होणाऱ्या, हृदयाच्या झडपा खराब करणाऱ्या ऱ्हुमॅटिक तापाशी अधिक जुळते. तेव्हा एका जुन्या संज्ञेला एकाच नव्या आजाराच्या खुंटीला बांधणे चुकीचे. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची अडचण निराळी. ‘आम’ म्हणजे न पचलेले, असे कळल्यावर रुग्ण पोटाकडे आणि पथ्याकडे वळतो. दही बंद, चिंच बंद, वांगे बंद, आणि गोळ्या मात्र ‘आधी पथ्य करून बघू’ म्हणत कपाटात. परिभाषा घडवणाऱ्यांनी तिसरी वाट काढली : ‘संधिवाताभ संधिशोथ’. शब्द काटेकोर आहे, पण तो उच्चारणारा रुग्ण मी तरी पाहिलेला नाही.

गंमत अशी की इंग्रजी संज्ञेचीही हीच कथा आहे. ‘ऱ्हुमा’ म्हणजे ग्रीकमध्ये वाहणे. दूषित द्रव डोक्यातून पाझरत सांध्यांत उतरतो, या कल्पनेतून हा शब्द आला. १८०० साली पॅरिसमधल्या एका तरुण डॉक्टरने आपल्या प्रबंधात एक निरीक्षण मांडले : हे दुखणे गाऊटसारखे दिसते, पण गाऊट श्रीमंत पुरुषांचा आजार मानला जातो आणि हे मुख्यतः गरीब बायकांत आढळते. तरीही नाव त्याने गाऊटचेच एक रूप म्हणून दिले. १८५९ मध्ये लंडनच्या एका डॉक्टरने ‘ऱ्हुमॅटॉइड’ हा शब्द घडवला. अर्थ काय, तर ‘ऱ्हुमॅटिझमसारखा’. म्हणजे मूळ नावच ‘अमुक नाही, पण अमुकसारखे’ असे. ‘संधिवाताभ’मधला ‘आभ’ त्याचेच प्रामाणिक भाषांतर आहे.

माझे मत ‘आमवात’च्या बाजूने झुकते, आणि ते लपवण्याचे कारण नाही. झिजेच्या आजाराला ‘संधिवात’ आणि प्रतिकारयंत्रणेच्या आजाराला ‘आमवात’ असे दोन वेगळे शब्द डॉक्टर, वैद्य, औषध दुकानदार आणि आशाताई यांनी पाळले, तर तिशीतल्या बाईला ‘वयाने होते, चालायचेच’ हे उत्तर देता येणार नाही. माधवनिदानाशी शंभर टक्के जुळते की नाही, हा वाद अभ्यासकांनी जरूर घालावा. दवाखान्याच्या दारात मात्र आजार दोन असतील तर शब्दही दोन हवेत.

शब्दाचा घोळ तपासण्यांतही उतरला. १९४० मध्ये ऑस्लोतील एका संशोधकाला आढळले की या रुग्णांच्या रक्तद्रवाने मेंढीच्या रक्तपेशींच्या गुठळ्या होतात. त्यातून पुढे ‘आरए फॅक्टर’ची रक्ततपासणी आली (‘आरए’ म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस). नावातच ‘आरए’ असल्याने ती पॉझिटिव्ह म्हणजे आजार आणि निगेटिव्ह म्हणजे सुटका, असा समज घट्ट बसला. प्रत्यक्षात क्षयरोग, कुष्ठरोग, यकृताचे जुनाट संसर्ग यांतही हा फॅक्टर वाढतो, आणि पूर्ण निरोगी वृद्धांतही सापडतो. उलट आजार असलेल्या बऱ्याच जणांत तो नसतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेली अँटी-सीसीपी ही दुसऱ्या एका अँटिबॉडीची रक्ततपासणी यापेक्षा कितीतरी नेमकी आहे. पण गल्लीतल्या लॅबच्या ‘आर्थ्रायटिस प्रोफाइल’मध्ये आजही मान आरए फॅक्टरलाच.

उपचारांचा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा इतिहास थोडक्यात आटोपतो. ॲस्पिरिन, आराम, गरम शेक. १९२९ पासून सोन्याच्या क्षारांची इंजेक्शने, तीही हा आजार क्षयासारखाच जंतूंमुळे होतो या समजातून. मग सप्टेंबर १९४८. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर गावी, अंथरुणाला खिळलेल्या २९ वर्षांच्या एका बाईला कॉर्टिसोन या स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले गेले. आठवडाभरात ती गावात खरेदीला जाऊन आली. १९५० चे नोबेल या शोधाला मिळाले. पण डोस उतरवला की आजार परतायचा, चढवला तर चेहरा सुजायचा, हाडे ठिसूळ व्हायची. स्टिरॉइडने सूज उतरते, सांध्याची झीज थांबेलच असे नाही, हे कळायला वेळ लागला. आपल्याकडे काही भोंदूंच्या ‘रामबाण’ पुड्यांत स्टिरॉइडच मिसळलेले असते. तिसऱ्या दिवशी पेशंट चालू लागतो आणि पुडी देणारा देवमाणूस ठरतो.

कॉर्टिसोनच्या झगमगाटात एक दुसरे औषध मागे पडले, आणि या सगळ्या इतिहासातली मला सर्वांत चटका लावणारी गोष्ट तीच आहे. आंध्रातल्या भीमावरममध्ये जन्मलेल्या एका जीवरसायनशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली न्यूयॉर्कजवळच्या प्रयोगशाळेत फॉलिक ॲसिडला अडवणारी रसायने तयार झाली. त्यांतल्या ॲमिनॉप्टेरिनने १९४८ मध्ये बॉस्टनमध्ये रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांचा आजार काही काळ मागे रेटला. १९५१ मध्ये तेच औषध ऱ्हुमॅटॉइडच्या मोजक्या रुग्णांना देऊन पाहिले गेले आणि सूज उतरली. त्याचेच सौम्य भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट. सोरायसिससाठी त्वचारोगतज्ज्ञ ते वापरत राहिले. सांध्यांच्या डॉक्टरांनी मात्र तीस वर्षे त्याकडे जवळपास पाठ फिरवली. कर्करोगाचे औषध सांधेदुखीला कशाला, हा प्रश्न तेव्हा अमेरिकेत विचारला जात होता. आज तो सांगली-साताऱ्यात औषधाच्या खोक्यातला कागद वाचून नातेवाईक विचारतात.

१९८५ मध्ये ३५ रुग्णांवरचा एक छोटा पण काटेकोर प्रयोग प्रसिद्ध झाला. खोट्या गोळीच्या तुलनेत आठवड्यातून एकदा दिलेल्या मेथोट्रेक्सेटच्या अल्प डोसाने स्पष्ट फरक पडला. १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला या आजारासाठी मान्यता मिळाली. कर्करोगात जे औषध मोठ्या डोसात पेशी मारते, ते इथे आठवड्याला साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम एवढ्या प्रमाणात प्रतिकारयंत्रणेला शांत करते. ‘आठवड्यातून एकदा’ हे दोन शब्द इथे जीवनमरणाचे आहेत. चुकून रोज घेतल्याने तोंड येऊन, रक्तपेशी घसरून माणसे दगावली आहेत. म्हणूनच चिठ्ठीवर वार लिहिण्याची पद्धत पडली : मेथोट्रेक्सेट रविवारी, फॉलिक ॲसिड दुसऱ्या वारी. गरोदरपणात हे औषध चालत नाही. या आजारात बायकांचे प्रमाण पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट असल्याने ही बाब पहिल्याच भेटीत बोलली जायला हवी. ती अनेकदा लग्न ठरल्यावर बोलली जाते.

याच सुमारास विचाराची दिशा उलटली. तोवर उपचार पिरॅमिडसारखे होते : खाली ॲस्पिरिन, वर्षभराने जरा वरची पायरी, सांधे वाकडे झाल्यावर शिखरावरची ‘जड’ औषधे. १९८० च्या दशकात दिसून आले की हा आजार आयुष्यही कमी करतो. पुढे हेही दिसले की हाडांवरची कुरतड बहुतेकांत पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते. मग पिरॅमिड उलटा करा, जड औषध आधी द्या, असे म्हणणे आले. २००४ मध्ये ग्लासगोतील एका प्रयोगाने याला बळ दिले. तिथे नवे औषध नव्हतेच. होतीच ती औषधे, फक्त रुग्णाला दर महिन्याला बोलावून सूज मोजली आणि ती असेपर्यंत उपचार वाढवत नेले. नेहमीच्या पद्धतीपेक्षा निकाल कितीतरी सरस आले.

लवकर उपचार करायचे तर लवकर निदान हवे, आणि जुने निकष त्याच्या आड येत होते. १९८७ च्या निकषांत सातांपैकी चार गोष्टी लागत. क्ष-किरणातली हाडाची कुरतड, त्वचेखालच्या गाठी यांसारख्या आजार मुरल्यावरच दिसणाऱ्या खुणा त्यांत होत्या. २०१० मध्ये गुणांची नवी पद्धत आली : किती सांधे, कोणते, रक्तात अँटिबॉडी आहेत का, दाह दाखवणाऱ्या तपासण्या वाढल्यात का, सहा आठवडे झाले का. दहापैकी सहा गुण मिळाले की बस. युरोप-अमेरिकेसाठी हा निर्णय योग्यच होता. आपल्याकडे मात्र त्यात एक खाच निघाली, तिचे नाव चिकुनगुनिया.

सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९७३ मध्ये चिकुनगुनियाची मोठी साथ आली होती. नंतर तीसेक वर्षे हा विषाणू देशात जणू गायब झाला, आणि २००५-०६ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांत घरेच्या घरे आडवी करत परतला. ताप आठवड्यात गेला, सांधे मात्र अनेकांचे महिनोन्‌महिने, काहींचे वर्षानुवर्षे धरलेले राहिले. दोन्ही हातांच्या बोटांचे लहान सांधे, सकाळचा आखडलेपणा, सहा आठवड्यांहून जास्त काळ. २०१० च्या मोजपट्टीवर असे काही रुग्ण सहज सहा गुण मिळवतात. साथीच्या वर्षात निकषांवर डोळे मिटून विसंबता येत नाही, मागच्या तापाची विचारपूस करावीच लागते. आणि उलटही घडते. खरा आमवात असलेल्या बाईला ‘चिकुनगुनियाचं राहिलंय, जाईल’ असे सांगून वर्ष काढले जाते.

हा आजार आपल्या गावांत किती आहे, हेही बराच काळ माहीत नव्हते. १९८१ मध्ये विकसनशील देशांत घरोघरी जाऊन सांधेदुखी मोजण्याचा एक आंतरराष्ट्रीय कार्यक्रम आखला गेला. त्याखालचे भारतातले पहिले सर्वेक्षण १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या, उजनीच्या काठच्या भिगवणला झाले. ४,०९२ प्रौढांपैकी १८.२ टक्क्यांना सांधे-स्नायूंची तक्रार होती. ऱ्हुमॅटॉइड निघाला साधारण अर्ध्या टक्क्यात. हा आकडा किरकोळ वाटतो, पण पाच हजार प्रौढांच्या गावात तो पंचवीस घरे होतो. या सर्वेक्षणाचे मोल मला आणखी एका कारणाने वाटते. मोजून झाल्यावर पथक परतले नाही, तिथे उपचार आणि पाठपुरावा पुढे वर्षानुवर्षे चालू राहिला.

त्यानंतरचा काळ महागड्या इंजेक्शनांचा. दाह पेटवणाऱ्या टीएनएफ या प्रथिनाला अडवता येईल, हे १९९२ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात पहिल्यांदा रुग्णांवर दिसले. १९९८ पासून अशी ‘बायोलॉजिक’, म्हणजे जिवंत पेशींत बनवलेली, औषधे बाजारात आली. २००१ मध्ये त्यांतल्या एकावर असलेल्या ७० रुग्णांना क्षयरोग झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली. ज्या देशात क्षयाचे जंतू कोट्यवधी शरीरांत झोपलेले आहेत, तिथे ही तळटीप नव्हे, मुख्य मजकूर आहे. छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची तपासणी केल्याशिवाय हे इंजेक्शन द्यायचे नाही, ही शिस्त त्यातून आली. २०१३ मध्ये ३५३ रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. मेथोट्रेक्सेट पुरेसे न पडलेल्यांत त्याच्या जोडीला सल्फासॅलॅझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या स्वस्त गोळ्या दिल्या, आणि त्या बायोलॉजिकच्या जोडीपेक्षा कमी पडल्या नाहीत. ज्यांना इंजेक्शनसाठी शेत गहाण टाकण्याचा विचार करावा लागतो, त्यांच्यासाठी याहून मोठी बातमी गेल्या पंचवीस वर्षांत झाली नसेल. तिची जाहिरात मात्र कोणी केली नाही.

किमतीही पुढे उतरल्या. २०१४ च्या अखेरीस टीएनएफला अडवणाऱ्या ॲडालिमुमॅब या बायोलॉजिकची जगातली पहिली बायोसिमिलर (मूळ औषधाशी जुळणारी) आवृत्ती अहमदाबादच्या एका कंपनीने भारतात आणली. २०१२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या, याच आजारावरच्या टोफासिटिनिबच्या गोळ्या आता इथे जेनेरिक मिळतात. नागीण उठण्याचा धोका त्यात असतो. २०२१ मध्ये हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या आणि कर्करोगाबाबतचा कडक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने त्यावर छापायला लावला.

२०२४ मध्ये संशोधन आजाराच्याही आधी पोचले. सांधे दुखतात, अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह आहे, पण सूज अजून आलेली नाही, अशा २१३ जणांतल्या साधारण निम्म्यांना वर्षभर ॲबॅटासेप्ट हे प्रतिकारयंत्रणेला आवरणारे बायोलॉजिक दिले गेले. वर्षअखेर औषध घेणाऱ्यांपैकी ६ टक्क्यांना आजार झाला, न घेणाऱ्यांपैकी २९ टक्क्यांना. औषध थांबवल्यानंतर आणखी वर्षाने हे आकडे २५ आणि ३७ झाले. आजार टळला की लांबला, यावर आता तज्ज्ञांत चर्चा आहे. या लोकांना ‘संधिवात’ म्हणता येत नाही, ‘आमवात’ही अजून झालेला नाही, आणि त्यांच्या स्थितीला मराठीत शब्दच नाही.