सिंथेटिक बायोलॉजी म्हणजे फक्त बायोलॉजीवाल्यांचं काम?

‘गणित नको म्हणून बायोलॉजी घेतली’ हे वाक्य जितकं जुनं, तितकाच हा समजही: सिंथेटिक बायोलॉजीत, म्हणजे जिवाणूंसारख्या सजीवांची जनुकं नव्याने जुळवून त्यांच्याकडून हवं ते काम करून घेण्यात, इतर शाखांच्या मुलांचं काय काम, आणि विद्यार्थ्यांचे प्रकल्प म्हणजे प्रदर्शनातले देखावे. दोन्ही चूक.

२००० साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आलेला रिप्रेसिलेटर हा जनुकांचा जोडलेला संच घ्या. तीन जनुकं, प्रत्येक पुढच्याला दाबणारं आणि तिसरं पुन्हा पहिल्याला. परिणामी जिवाणू ठरावीक लयीत हिरवे चमकतात. हे करणारा मायकेल एलोविट्झ तेव्हा प्रिन्स्टनमध्ये भौतिकशास्त्राचा पीएचडी विद्यार्थी होता. आधी समीकरणं मांडली, त्यांतून कळलं की प्रथिनं जास्त काळ टिकली तर लय बसणार नाही. मग त्या प्रथिनांना ‘लवकर नष्ट व्हा’ अशी खूण करणारं शेपूट जोडलं. नुसत्या पिपेटने हे सुचलं नसतं.

देखाव्यांचं म्हणाल, तर आयजेम ही विद्यार्थ्यांची स्पर्धा २००४ साली अवघ्या पाच संघांनिशी झाली. त्यातूनच ई. कोलाय या जिवाणूंचा ‘फोटो’ आला: प्रकाश पडेल तिथे जिवाणू रंग बनवायचं थांबवतात, अंधारात काळा रंग तयार होतो. २००५ मध्ये तोही ‘नेचर’मध्ये छापून आला. २००६ मध्ये एडिनबराच्या संघाने पाण्यातलं आर्सेनिक ओळखणारा जिवाणू मांडला; आर्सेनिक असेल तर तो जिवाणू पाण्याचा पीएच बदलतो, म्हणजे साधं दर्शकद्रव्यही पुरतं.

सगळे प्रकल्प असे नसतात, बरेचसे अर्धवट राहतात. पण कुठे अडलं, हे सांगायला कधी कधी इंजिनिअरिंगचाच विद्यार्थी लागतो.