पिकअप घेण्याआधी: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पिकअपचे हौदे बांधणं, पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) बदलणं, चेसिस आणि ब्रेकचं काम करणं हा आमचा धंदा. गाड्या विकणं हे आमचं काम नाही, आणि कुठल्याही शोरूमशी आमचं कमिशन बांधलेलं नाही. तरीही हे पत्रक काढावंसं वाटलं, कारण नारायणगाव-आळेफाटा पट्ट्यातला शेतकरी किंवा व्यापारी नवी गाडी घेऊन आमच्या दारात येतो, तेव्हा त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "दोन पाटे वाढवून द्या आणि हौद्याची उंची वाढवा." म्हणजेच घेतलेली गाडी त्याच्या मालाला पुरत नसते. हप्ते सुरू झाल्यावर हे कळून उपयोग नाही. आमचं सांगणं आधीच ऐकलंत, तर तुमचा पैसा वाचेल आणि जीवही.

पाटा वाढवला म्हणजे गाडी वाढत नाही

हे सगळ्यात आधी सांगतो. पाटा वाढवला की गाडी मागून बसत नाही, एवढंच होतं. ब्रेक तेच, ॲक्सल तोच, बेअरिंग तेच, टायर तेच आणि चेसिसही तीच राहते. गाडी सरळ उभी दिसते म्हणून ड्रायव्हरला वाटतं की ती ओझं पेलतेय. आधी गाडी बसून तरी सांगायची की आता पुरे. पाटा वाढवल्यावर तेही सांगत नाही.

काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या ग्राहकाने फार आग्रह केला, म्हणून आम्ही त्याच्या दीड टनी, म्हणजे दीड टन ओझ्याच्या गाडीला मागे दोन-दोन पाटे वाढवून दिले. सीझनमध्ये गाडी टोमॅटो भरून माळशेज घाट उतरत होती. मधल्या एका वळणाआधी ब्रेकचं पेडल स्पंजासारखं मऊ झालं. ड्रायव्हर अनुभवी होता. त्याने खालचा गिअर टाकून गाडी डोंगराच्या बाजूला घासत थांबवली. दुसऱ्या दिवशी गाडी टो करून आमच्याकडे आली. मागच्या ब्रेकचा ड्रम उघडला तर लायनर काचेसारखे गुळगुळीत झाले होते आणि ड्रमला निळी झाक आली होती, म्हणजे ब्रेक अति तापले होते. तो ड्रम आम्ही अजून दुकानात ठेवलाय. तेव्हापासून कंपनीने दिलेल्यापेक्षा जास्त पाटे आम्ही कुणालाच घालून देत नाही. मोडलेला पाटा बदलून देतो, तेवढंच.

आधी आपला माल मोजा

गाडी किती टनी पासिंगची आहे हे सगळे विचारतात. पण त्या आकड्यात काय काय धरलंय, हे फार थोडे विचारतात.

आरसीवर दोन वजनं असतात. एक रिकाम्या गाडीचं, दुसरं भरलेल्या गाडीचं म्हणजे जीव्हीडब्ल्यू. या दोन्हींतला फरक म्हणजे तुम्हाला कायद्याने लादता येणारं वजन. मोटार वाहन कायद्यात रिकाम्या गाडीच्या वजनात ड्रायव्हर आणि क्लीनर धरलेले नाहीत. त्यामुळे ती दोन माणसंसुद्धा या फरकातूनच वजा करायची. ताडपत्री, दोर, तुम्ही नंतर बसवलेला सांगाडा, हेही सगळं त्यातच आलं.

आपल्या भागातलं उदाहरण घेऊ. टोमॅटोचं क्रेट २० किलोचं, रिकामं क्रेट साधारण २ किलोचं, म्हणजे भरलेलं २२ किलो. दीड टनी गाडीत १,५०० किलोंतून दोन माणसं आणि ताडपत्री-दोराचे १६० किलो काढले, की उरले १,३४०. भागिले २२, म्हणजे ६० क्रेट.

आता हौदा बघा. ९ फूट बाय साडेपाच फुटांच्या हौद्यात ५४ बाय ३६ सेंटिमीटरची क्रेट आडवी लावली तर एका थरात २१ बसतात. म्हणजे कायद्याप्रमाणे तिसरा थरसुद्धा पुरा भरत नाही. पण हौद्याची उंची वाढवली की डोळ्यांना पाच थर सहज दिसतात, म्हणजे १०५ क्रेट, २,३१० किलो नुसता माल! माणसं धरून गाडीवर ९७० किलो जादा झाले. जिचं भरलेलं वजन २,९०० किलो असायला हवं, ती ३,८७० किलोंची होऊन घाट उतरते. ब्रेकला तिसऱ्या हिश्श्याने जास्त उष्णता सोसावी लागते.

म्हणून शोरूममध्ये जाण्याआधी एक काम करा. तुमच्या नेहमीच्या खेपेला गाडी, मग ती भाड्याची का असेना, भरून वजनकाट्यावर न्या. सीझनच्या ऐन भरातल्या चार-पाच खेपांच्या पावत्या जपून ठेवा. खरेदीच्या वेळी ब्रोशरपेक्षा हे चार कागद जास्त कामाचे आहेत.

हाच हिशेब दोन टनी गाडीला लावला तर ८३ क्रेट येतात. ज्याचा माल रोज ७५-८० क्रेट निघतो त्याने दोन टनी घ्यावी, यात आम्हाला शंका नाही. ज्याचा ५०-५५ निघतो त्याला दीड टनी पुरते. पण ज्याचा १०० निघतो, त्याला दोन्ही गाड्यांत दोन खेपा करायच्याच आहेत. मग जादा पैसे घालून मोठी गाडी कशासाठी? त्याने दीड टनी घेऊन ५०-५० च्या दोन खेपा कराव्यात, नाहीतर आणखी वरच्या वर्गाच्या ट्रककडे बघावं.

बाजारातल्या गाड्या: आमच्या नजरेतून

आमच्याकडे जास्त करून चार-पाच गाड्या येतात. मॉडेलनुसार आकडे बदलतात, त्यामुळे जी गाडी प्रत्यक्ष घ्याल तिचीच वजनं तपासा.

महिंद्राची बोलेरो मॅक्स पिकअप २०२२ पासून आहे. २०२३ मध्ये तिच्या सिटी आणि एचडी अशा दोन मालिका झाल्या. सिटी १.३ ते १.५ टनांपर्यंत, एचडी २ टनांपर्यंत. मोठ्या एचडीचा हौदा १० फुटांचा. अडीच लिटरचं इंजिन, गावोगावी माहीत असलेलं काम, आणि सुटे भाग तालुक्याला सहज मिळतात. जुनी विकताना किंमतही बरी येते.

टाटा योद्धा २.० सप्टेंबर २०२२ मध्ये आली. पेलोड (लादता येणारं वजन) २ टन, २.२ लिटरचं डिझेल इंजिन, १०० अश्वशक्ती आणि २५० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर. चढाला भरलेली गाडी सोडताना हा टॉर्क जाणवतो. रोज खेड घाट किंवा चंदनापुरी घाट करणाऱ्याने ही गाडी चालवून बघितल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

टाटा इंट्रा व्ही५० दीड टनाची आहे, १,४९६ सीसी, ८० अश्वशक्ती. अशोक लेलँडची बडा दोस्त २०२० मध्ये आली. तिच्या आय४ मॉडेलचं पेलोड १,८६० किलो, इंजिन तीन सिलिंडरचं, ८० अश्वशक्तीचं. या दोन्ही बिननाकाच्या गाड्या, म्हणजे इंजिन केबिनखाली. त्यामुळे गाडी आखूड असूनही हौदा लांब मिळतो, आणि पेठेतल्या बोळात वळवायला सोप्या जातात. बोलेरो आणि योद्धा नाकाच्या. बॉनेट उचललं की इंजिन हाताशी, त्यामुळे रस्त्यात काही झालं तर बघता येतं. शेतरस्त्याला आम्ही नाकाची गाडी सुचवतो, बाजारपेठेत दिवसभर दहा दुकानं करणाऱ्याला बिननाकाची.

इसुझू डी-मॅक्स आंध्रातल्या श्री सिटीत बनते. गाडी दणकट आहे, आम्हाला आवडते. पण घेण्याआधी तुमच्या गावापासून तिचं सर्व्हिस सेंटर किती लांब आहे ते मोजा. एका क्लच प्लेटसाठी गाडी तीन दिवस उभी राहिली, तर सीझनमध्ये त्या तीन दिवसांची किंमत तुम्हीच जाणता.

सीएनजीबद्दल रोज विचारणा होते. इंधन स्वस्त पडतं हे खरं, पण सिलिंडरचं वजन पेलोडमधून जातं, आणि भरलेली गाडी घाटात डिझेलइतकी ओढत नाही. शहरात दूध, किराणा, बेकरीचा माल टाकणाऱ्याला सीएनजी जमेल. पंपावरची रांग मात्र पहाटे स्वतः जाऊन बघा.

ट्रायल भरलेल्या गाडीची घ्या

रिकामी पिकअप कुठलीही छान पळते. शोरूमवाल्याला सांगा, पोती भरून ट्रायल हवी. ५० किलोंची तीस पोती म्हणजे दीड टन. चढावर गाडी पूर्ण थांबवा, हँडब्रेक लावा आणि पहिल्या गिअरमध्ये सोडून बघा. क्लच जळाल्याचा वास आला तर तिथेच समजा. उतारावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये नुसत्या इंजिनावर गाडी किती धरते तेही बघा.

टायरच्या कडेवर मापाबरोबर एक भार-क्रमांक छापलेला असतो. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०६ म्हणजे ९५०, १०८ म्हणजे १,०००. पिकअपचं बहुतेक ओझं मागच्या दोन टायरवर येतं. दोन गाड्यांची तुलना करताना खाली वाकून हा आकडा वाचा. टायर बदलतानाही कमी क्रमांकाचं स्वस्त टायर कधी घेऊ नका.

डिझेल गाडीत धूर गाळणारा फिल्टर असतो. नुसतं दोन-तीन किलोमीटर जा-ये करणाऱ्या गाडीत तो तुंबतो, कारण स्वतःला साफ करण्याइतका तापतच नाही. तुमचं काम तसं जवळचं असेल तर आठवड्यातून एकदा गाडी हायवेला सलग पळवावी लागेल. धूर साफ करण्यासाठी वेगळं भरावं लागणारं युरियाचं पाणी लागतं का, हेही विचारून घ्या.

पैशाचा हिशेब

हप्त्यावरून गाडी निवडू नका. महिन्याला २,००० किलोमीटर धावणाऱ्या दोन गाड्या बघा, एकीचं ॲव्हरेज १२, दुसरीचं १५. पहिलीला १६७ लिटर लागतात, दुसरीला १३३. डिझेल ९० रुपये धरलं तर महिन्याला ३,००० रुपयांचा फरक, पाच वर्षांत १ लाख ८० हजार. शोरूमच्या १५-२० हजारांच्या डिस्काउंटपुढे हा आकडा ठेवून बघा.

कर्ज घेताना एक प्रश्न नक्की विचारा: "हा व्याजदर फ्लॅट आहे की घटत्या शिलकीवर?" फ्लॅट म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवर व्याज, घटता म्हणजे फक्त उरलेल्या रकमेवर. ८ लाखांचं पाच वर्षांचं कर्ज १२ टक्के घटत्या दराने घेतलं तर हप्ता सुमारे १७,८०० रुपये येतो. तेच '८ टक्के फ्लॅट'ने घेतलं तर १८,६६७ येतो. ८ टक्के कानाला गोड लागतं, पण ते १४ टक्के घटत्या दरापेक्षाही थोडं महाग पडतं. हप्ता गुणिले महिने हा हिशेब फोनवर स्वतः करा.

मालवाहू गाडीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला. तुमचा धंदा जीएसटीत नोंदलेला असेल, तर गाडी धंद्याच्या नावावर घ्यायची की स्वतःच्या, हे सीएंना आधी विचारा. मालवाहू गाडीच्या कराचं क्रेडिट मिळू शकतं. बिल एकदा वैयक्तिक नावावर फाटलं की मागाहून धावपळ होते.

कागदपत्रं

भरलेलं वजन ३,००० किलोंपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. त्याच्या पुढे लागतं. दीड टनी आणि दोन टनी यांच्यातला हा फरकही हिशेबात धरा. लायसन्सचा प्रश्न सुप्रीम कोर्टाने ६ नोव्हेंबर २०२४ ला मिटवला. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोंपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते. फिटनेस पहिली आठ वर्षं दोन-दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी.

ओव्हरलोडचा दंड कायद्यात २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० असा आहे. शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्चही तुमचाच. वर हिशेब केलेले ते १०५ क्रेट आठवा.

आणि एक विनंती मनापासून. हौद्यात मजूर बसवू नका. कांदा काढणीच्या दिवसांत फाळक्याला धरून उभ्या बायाबापड्या आम्ही रोज बघतो. त्या हौद्यात ना सीट आहे ना धरायला नीट काही. अपघात झाला तर विम्याची भरपाईही अडते. माणसांसाठी वेगळी गाडी सांगा.

हौदा बांधताना

कंपनीचा हौदा घ्यायचा की नुसती केबिन-चेसिस घेऊन बाहेर बांधायचा, हे बुकिंगच्या आधी ठरवा. आम्हाला काम मिळावं म्हणून सांगत नाही. भाजीपाला आणि क्रेटसाठी कंपनीचा हौदा बहुतेकांना पुरतो. जनावरं, ऊसरोपं, काच किंवा फर्निचर नेणाऱ्यांना वेगळी बांधणी लागते, आणि ती आरटीओच्या मंजुरीत बसवूनच करावी लागते.

तळाला वरून आणखी एक ३ मिलिमीटरचा पत्रा मारून द्या, असं बरेच जण सांगतात. ९ बाय साडेपाच फुटांचा तो पत्रा सुमारे १०८ किलोंचा होतो. म्हणजे गाडी असेपर्यंत प्रत्येक खेपेला पाच क्रेट कमी. तळ लवकर झिजतो ही अडचण खरी आहे. त्यासाठी जिथे क्रेट ओढली जातात तेवढ्याच भागात आम्ही पट्ट्या मारून देतो, किंवा रबराची चटई सुचवतो.

तुलना करायला मदत हवी असेल तर सोमवार सोडून कधीही दुकानावर या, पैसे लागत नाहीत. येताना तीन गोष्टी आणा: काट्याच्या पावत्या, पसंत पडलेल्या दोन गाड्यांचे छापील तपशील, आणि रोज गाडी चालवणारा माणूस. तो निळा पडलेला ड्रम काउंटरच्या मागेच ठेवलाय, तोही हातात घेऊन बघा.